रोपं नकोत, राखणदार द्या

जुन्नरच्या पश्चिम भागात आमचं गाव आहे. जुलै उजाडला की कुणी ना कुणी झाडं लावायला येतंच. मागे शहरातल्या एका कंपनीची माणसं बसगाड्या भरून आली. टेम्पोतून गुलमोहर आणि गिरिपुष्पाची रोपं उतरली. खड्ड्यांसाठी उतारावर जेसीबी घातला, त्यात करवंदीची निम्मी जाळी उपटली गेली. फोटो झाले, वडापाव झाले, मंडळी गेली.

ती जाळी आमची रोपवाटिका होती. करवंदीच्या काट्यांत शेळीचं तोंड जात नाही. बुलबुल उंबरं, अंजनीची फळं खाऊन तिथं बसतो, उदमांजराच्या विष्ठेतून जांभळाच्या बिया पडतात. फांद्या जपून बाजूला केल्या की आत वीतभर जांभूळ दिसतं, चार पानांची अंजनी दिसते, एखादा हिरडाही. मध्य अमेरिकेतून आलेल्या गिरिपुष्पानं टेकडी झटपट हिरवी दिसते, हे खरं. पण त्यात शेकरूनं खायचं काय?

सरकारनं २०१९ साली ३३ कोटी झाडं लावायचा संकल्प केला होता. आमचं जंगल मात्र रोपांवाचून अडलेलं नाही. त्याला वणवा खातो. फेब्रुवारी-मार्चात वाळलं गवत पेटतं, कधी बिडीनं, कधी मुद्दाम, नवं गवत जोमानं फुटावं म्हणून. तोडलेल्या ऐनाच्या खुंटाला पावसाळ्यात धुमारे फुटतात आणि उन्हाळ्यात जळून जातात. चार-पाच वर्षं आग टाळली तर त्यातलाच एखादा डोक्यावर जातो. मुळं जुनी, खोल. त्याला टँकर लागत नाही. (तालुक्याच्या पूर्वेच्या गवताळ माळांची गोष्ट वेगळी. ते लांडग्याचं, चंडोलाचं घर आहे, तिथं झाडं लावूच नयेत.)

ज्यांचे हिरडे आहेत ते आपल्या झाडांभोवतीचं गवत आगीआधी कापून घेतात, कारण बाळहिरडा विकून घरात पैसा येतो. सामायिक डोंगराला असा धनी नाही. तो राखायला चराईबंदी म्हटलं की गुरंवाले बिथरतात, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. नगरकडच्या हिवरे बाजारनं चराई बंद केली तेव्हा विळ्यानं गवत कापून न्यायची मुभा ठेवली. आपणही ठेवावी. चारा घरी आला की डोंगराला काडी लावायचं एक कारण तरी कमी होईल.

सामूहिक वनक्षेत्र राखायचा, पुन्हा उभं करायचा हक्क वनहक्क कायद्यानं २००६ सालीच दिला आहे. कायदा मजुरी देत नाही, एवढंच. तेव्हा पुढच्या जुलैत येऊ इच्छिणाऱ्यांनी बसगाड्यांचं भाडं वाचवावं आणि तो पैसा ग्रामसभेकडे द्यावा. दिवाळीनंतर वणवा अडवणाऱ्या जाळरेषा काढायला माणसं लागतात, फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत दोन राखणदार लागतात, आणि हे निदान पाच वर्षं चालवावं लागतं. हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवू. फोटो काढायचाच असेल तर मार्चच्या दुपारी या, जाळरेषेवर आग झोडपायला ओल्या फांद्या आम्ही देऊ.