छापखान्याची चूक, उमेदवाराला शिक्षा

१ डिसेंबर २०२०. हैदराबाद महापालिकेचं मतदान सुरू झालं आणि ओल्ड मलकपेट प्रभागात गोंधळ उडाला. भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या उमेदवारापुढे मतपत्रिकेवर कणीस-विळ्याऐवजी मार्क्सवादी पक्षाचा विळा-हातोडा-तारा छापला होता. पक्षाने तक्रार केली. राज्य निवडणूक आयोगाने मतदान रद्द करून ३ तारखेला फेरमतदान घेतलं.

छान झालं. पण हे का झालं? पक्ष जुना, चिन्ह ओळखीचं आणि चूक निकालाआधी सापडली. हीच चूक एखाद्या अपक्षाच्या वाट्याला आली असती आणि संध्याकाळी लक्षात आली असती तर?

तर त्याला कायदा दाखवला गेला असता. राज्यघटनेचे अनुच्छेद २४३-ओ आणि २४३-झेडजी सांगतात की पंचायत आणि पालिकांच्या निवडणुकीला आव्हान द्यायचं ते फक्त निवडणूक याचिकेने. म्हणजे आधी निकाल, मग कोर्ट. आपल्या महाराष्ट्रात ग्रामपंचायतीसाठी १५ दिवस, महापालिकेसाठी १० दिवसांची मुदत. तेवढ्यात वकील गाठा, कागद जमवा. वर हेही सिद्ध करा की चुकीमुळे निकालच बदलला. मतदान गुप्त, चिन्ह न सापडल्याने किती जण चुकले, हे कोण सांगणार? चूक सरकारी, पुरावा मात्र हरलेल्याने द्यायचा! सदस्याची मुदत पाच वर्षं. कोर्टाच्या तारखांना कसली मुदत?

निवडणूक मध्येच अडू नये म्हणून हे बंधन आहे, असं सांगतात. मान्य. मग चूक होण्याआधीच पकडायची सोय सक्तीची करा. मतपत्रिकेचा आणि मतदान यंत्रावर लावायच्या कागदाचा नमुना छपाईपूर्वी प्रत्येक उमेदवाराला दाखवून सही घ्या. चूक मतदानाच्या दिवशी सापडली, तर फेरमतदान हा उमेदवाराचा हक्क ठरवा, अधिकाऱ्याची मेहेरबानी नव्हे. आणि याचिका सहा महिन्यांत निकाली काढा.

आता थोडं आपल्या लोकांशी. आपल्या वस्त्यांत एका प्रभागात चार शेख आणि तीन पठाण उभे असतात. उर्दू नावं मराठीत लिहिताना नुक्ता, वेलांटी, आडनाव सगळं इकडचं तिकडे होतं. अशा वेळी मतदाराला आधार फक्त चिन्हाचा. तेच चुकलं तर उरलं काय? पण आपण दोनच गोष्टी करतो: गप्प बसतो, नाहीतर चहाच्या टपरीवर ‘साजिश’ म्हणून ओरडतो. दोन्हीने कोर्टात काही उभं राहत नाही. उभी राहते ती वेळेवर दिलेली लेखी तक्रार आणि तिची पोच.

मत ही अमानत आहे, असं आपण मशिदीत ऐकतो. अमानत देणाऱ्यावर जशी जबाबदारी आहे, तशीच ती ज्या कागदावर दिली जाते तो कागद छापणाऱ्यावरही आहे. ती त्याच्याकडून मागून घ्यायला शिका.