बाक कोणी निवडायचा?

बुलढाणा जिल्ह्यातील माणूस आपल्या भूमीचे वर्णन दोन शब्दांत करतो : घाटावर आणि घाटाखाली. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. एकाच जिल्ह्यात दोन हवामाने नांदतात. मार्चच्या दुपारी बुलढाण्याच्या वर्गात पंख्याने भागते, तेव्हा घाटाखालच्या वर्गांत खिडक्या सताड उघडल्याखेरीज बसवत नाही. ही गोष्ट दूरच्या महानगरात बसून ‘स्मार्ट क्लासरूम’चा प्रस्ताव तयार करणाऱ्यास ठाऊक नसते, पण त्या वर्गात रोज दुपारी दोनचा तास घेणाऱ्या प्राध्यापकास ती पुरेपूर ठाऊक असते. वर्ग सजवताना या ठाऊक असणाऱ्या माणसाला आपण विचारतो का, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

काही दिवसांपूर्वी घाटाखालच्या एका महाविद्यालयात जाण्याचा योग आला. संस्थाचालकांनी मोठ्या अभिमानाने नवा वर्ग दाखविला. छताला प्रोजेक्टर टांगलेला, समोर फळ्याच्या बरोबर मध्यावर पडदा. खिडक्या उघड्या ठेवल्या की पडद्यावरील अक्षरे उन्हात विरून जातात. बंद केल्या की मुले घामाने भिजतात. पडदा खाली ओढला की फळा झाकला जातो. गणिताच्या प्राध्यापकांनी यावर सोपा उपाय शोधला होता : ते पडदा कधी खाली ओढतच नसत. ‘आम्हाला कोणी विचारले असते, तर पडदा डावीकडच्या कोपऱ्यात लावा, एवढेच सांगितले असते,’ असे ते शांतपणे म्हणाले. त्या वाक्यात तक्रार नव्हती. सवय होती, आणि तीच अधिक चिंतेची बाब आहे.

१ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम या जिल्ह्यांच्या आजच्या प्रदेशाबरोबर बुलढाणाही त्याच्या कक्षेत आला. त्या काळी महाविद्यालयांना स्वतःच्या चार भिंती मिळाल्या तरी समाधान होते. आज प्रश्न वेगळा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आले आणि २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांच्या पदवी वर्गांतही ते लागू झाले. क्षेत्रीय प्रकल्प, गटचर्चा, कौशल्याधारित विषय हे शब्द अभ्यासक्रमात आले. परंतु ज्या बाकावर बसून ही गटचर्चा करावयाची, तो बाक बहुतेक ठिकाणी पूर्वीचाच आहे : लांबलचक, एकसंध, सर्वांची तोंडे एकाच दिशेस ठेवणारा. पुढे बसलेल्याची पाठ पाहत चर्चा कशी करावी, याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात नाही. अभ्यासक्रम बदलला, बाक बदलला नाही.

पैसा अजिबात आला नाही, असेही म्हणता येत नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियानातून आणि २०२३ पासून त्याच्या नव्या रूपातून शासकीय निधीची वाट खुली झाली आहे. शिवाय ‘नॅक’च्या मूल्यांकनात पायाभूत सुविधांना स्वतंत्र निकष आहे, तंत्रज्ञानयुक्त वर्ग किती, हे तेथे विचारले गेले आहे. हे विचारणे योग्यच. पण पाहणी समिती येण्याच्या आधी दोन महिन्यांत आकडा भरून काढण्याची जी धावपळ होते, तीत वस्तू विकत घेतली जाते. ती कोण, कशी व किती वापरणार याचा विचार मागे राहतो.

एक साधे गणित पाहू. पडद्यावरचा मजकूर शेवटच्या बाकावरून नीट वाचता यावयाचा, तर तेथवरचे अंतर पडद्याच्या उंचीच्या सुमारे सहा पटींहून अधिक नसावे, असा व्यवहारात वापरला जाणारा ठोकताळा आहे. आज सर्वत्र ७५ इंची पॅनेलची चलती आहे. त्याची उंची सुमारे ३७ इंच भरते. सहा पट म्हणजे साधारण १८ फूट. आपल्या महाविद्यालयांतील मोठे वर्ग तीस फूट लांबीचे असतात. म्हणजे मागच्या बाकांवरील मुलांसाठी ते महागडे पॅनेल केवळ उजेड देणारी वस्तू ठरते. मागचे बाक कोणाच्या वाट्याला येतात, हे वेगळे सांगावयास नको. सकाळच्या एस.टी.ने वीस-पंचवीस किलोमीटरवरून येणारी, उशिरा पोहोचणारी, घरातून महाविद्यालयाची पायरी प्रथमच चढलेली मुले-मुली तेथे बसतात. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, नेमके तेच त्यापासून वंचित राहतात.

फर्निचरचीही हीच कथा. एकाच नमुन्याचे शेकडो नग एकाच दिवशी घेतले जातात आणि भाषा, वाणिज्य, विज्ञान अशा सर्व विभागांना सारखे वाटले जातात. हाताशी पाटी जोडलेली खुर्ची दिसावयास आधुनिक. पण पाटी उजव्या बाजूस असल्याने डावखुऱ्या विद्यार्थ्याला तीन वर्षे अंग वळवून लिहावे लागते. नकाशे पसरणाऱ्या भूगोलाच्या मुलांना ती अपुरी पडते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत दिव्यांगांसाठी किमान पाच टक्के जागा राखून ठेवावयाच्या आहेत. जागा कागदावर राखली. पण चाकांची खुर्ची शिरेल एवढी मोकळी जागा दोन बाकांमध्ये राखली नाही, तर त्या कायद्याचे आपण काय केले?

पाश्चात्त्य देशांत या विषयाकडे कसे पाहिले गेले, हेही ध्यानी घेण्याजोगे आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीत १९९० च्या दशकात रॉबर्ट बाइकनर या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने मोठ्या वर्गात प्रयोग आणि चर्चा एकत्र घडवून आणण्याची पद्धत विकसित केली. त्यासाठी तीन-तीनांचे तीन गट, अशा नऊ विद्यार्थ्यांचे गोल टेबल आले. पुढे अनेक विद्यापीठांनी ही रचना स्वीकारली. येथे लक्षात घ्यावयाचे ते गोल टेबल नव्हे. आधी अध्यापनाचा विचार झाला आणि मग सुतारकाम झाले, हा क्रम लक्षात घ्यावयाचा. आपल्या ऐंशी-शंभरांच्या वर्गात ते गोल टेबल मावणारही नाही. आपल्याकडे कदाचित दोघांपुरता सुटा डेस्क आणि त्यापासून वेगळे आसन पुरेल. म्हणजे पुढच्या दोघांनी मागे वळून बसावे आणि चौघांचा गट व्हावा. हे ठरवावयास परदेशी सल्लागार नको. वर्गात उभा राहणारा माणूस हवा.

असा माणूस काय करू शकतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. गरज त्यांना वर्गात जाणवली, उपाय वर्गात घडला, आणि नंतर तो राज्याच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचला. २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाले. तंत्रज्ञान शिक्षकाच्या हातून वर येते तेव्हा ते रुजते.

विशेष म्हणजे प्राध्यापकांना विचारण्याची व्यवस्था कायद्यातच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ च्या कलम ९७ अन्वये प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असावी लागते. तीत पूर्णवेळ अध्यापकांनी आपल्यातून निवडून दिलेले तीन प्रतिनिधी असतात. महाविद्यालयाच्या शैक्षणिक व पायाभूत विकासाचा सर्वंकष आराखडा तयार करणे हे या समितीचे पहिले काम, आणि वर्षातून किमान चार बैठका घेणे हे बंधन. प्रश्न एवढाच, की खरेदीचा विषय या बैठकीपुढे निर्णयाच्या आधी येतो की निर्णयानंतर, सही घेण्यापुरता? आणखी एक उणीव आहे. तासिका तत्त्वावर शिकविणारे तरुण अध्यापक आज अनेक विभागांचा मोठा भार वाहत आहेत. पूर्णवेळ नसल्याने या समितीवर त्यांचा प्रतिनिधी नाही. नवी साधने तेच सर्वाधिक वापरतात. त्यांना बैठकीस निमंत्रित करण्यास कोणता कायदा आड येतो?

संस्थाचालकांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, दहा प्राध्यापकांना विचारले तर अकरा मते येतात आणि निधीची मुदत टळून जाते. यात तथ्य आहे. आणि प्राध्यापकवर्गानेही आत्मपरीक्षण करावे. ‘मला कोणी विचारले नाही’ म्हणणाऱ्या किती जणांनी आपल्या विषयाची गरज एका पानावर लिहून आपण होऊन प्राचार्यांकडे दिली? न विचारता सल्ला देणे अशिष्ट असेल. परंतु आपल्या कर्मभूमीविषयी मौन बाळगणे हेही शिष्टाचारात बसत नाही.

आपल्यापैकी काही ज्येष्ठ एक आक्षेप घेतात : आपले गुरुकुल झाडाखाली भरत होते, तेथे कोठे बाक होते? आक्षेप आदरणीय आहे, परंतु त्याचा निष्कर्ष उलटा निघतो. झाडाखाली कोण कोठे बसेल, किती जवळ बसेल, सावली सरकली की मंडळी कोठे सरकतील, हे सारे आचार्यांच्या हाती होते. आसन साधे होते, पण त्याची रचना शिकविणाऱ्याच्या अधीन होती. आपण बाक दिला आणि ते स्वातंत्र्य काढून घेतले. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तरी ते परत द्यावे.

करावयाचे काय? प्रथम एकच वर्ग निवडावा. प्रत्येक विभागाने आपली गरज एका पानात लिहावी. दोन-तीन नमुन्यांचे बाक, पडद्याच्या दोन जागा, प्राध्यापकाच्या गळ्याला आराम देणारा एखादा साधा ध्वनिक्षेपक, असे सारे त्या एका वर्गात सहा महिने वापरून पाहावे. शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्यांचेही मत घ्यावे, आणि मगच शेकडो नगांची मागणी नोंदवावी. बाक घडविण्यास आपल्याच जिल्ह्यातील सुतार आणि लोहारकाम करणारे समर्थ आहेत. शेगाव, मलकापूर, चिखली येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, तेथील विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी याहून जवळचा विषय कोणता? पैसा जिल्ह्यात राहील आणि मोडलेला बाक दुरुस्त करणारा हात हाकेच्या अंतरावर असेल.

कारण खरी कसोटी खरेदीची नाही, देखभालीची आहे. शेगावला श्री संत गजानन महाराज संस्थानाच्या परिसरात जाऊन आलेल्या प्रत्येकाला तेथील स्वच्छता आणि शिस्त आठवते. ती यंत्रांनी आलेली नाही. सेवाधाऱ्यांच्या हातांनी आली आहे. जिल्ह्यात ही शिकवण डोळ्यांसमोर असताना महाविद्यालयातील प्रोजेक्टर धूळ साचून बंद पडावा, हे आपल्याला शोभत नाही. खरेदीच्या निधीतील एक ठरावीक हिस्सा देखभालीसाठी बाजूला काढावा आणि प्रत्येक वर्गाची जबाबदारी एका प्राध्यापकाकडे व दोन विद्यार्थ्यांकडे नावानिशी सोपवावी.

विद्यापीठाने २००५ साली संत गाडगेबाबांचे नाव धारण केले. बाबा गावात पोहोचले की आधी खराटा हाती घेत, कीर्तन नंतर. बसणाऱ्याची जागा नीट केल्याखेरीज बोलण्यास प्रारंभ करावयाचा नाही, हा त्यातील अर्थ आपण घेतला, तर त्या नावाचे काही अंशी सार्थक होईल. आपल्या गावच्या महाविद्यालयाशी ज्यांचा पालक, माजी विद्यार्थी अथवा हितचिंतक म्हणून संबंध आहे, त्यांनी यंदा एकदा तेथे जावे, मागच्या बाकावर दहा मिनिटे बसावे आणि समोरचे वाचता येते का ते पाहावे. येत नसेल, तर तेथे शिकविणाऱ्यास विचारावे. उत्तर त्यांच्यापाशी केव्हाचे तयार आहे.