छत्तिसाव्या दिवसाचे काय?

दर वर्षी २६ जून उजाडला की शहरोशहरीच्या शाळकरी मुलांना पावसात भिजत प्रभातफेरी काढावी लागते. अमली पदार्थांविरुद्धचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हा दिवस मुक्रर केला. त्या दिवशी फलक फडकतात, शपथा घेतल्या जातात, मंत्रिमहोदयांचे संदेश आमच्यासारखी वृत्तपत्रे छापतात, आणि २७ जूनला सारे पूर्ववत होते. या सोहळ्यास आमचा विरोध नाही. ज्याने व्यसनास अद्याप स्पर्श केलेला नाही त्यास परावृत्त करणे हे चांगलेच काम आहे. परंतु जो त्या गर्तेत आधीच सापडला आहे आणि बाहेर येऊ इच्छितो, त्याच्याविषयी या फेऱ्यांत कोणी चकार शब्दही काढीत नाही. आज आम्हांस लिहावयाचे आहे ते त्याच्याविषयी, आणि विशेषतः तो उपचार घेऊन घरी परततो त्या दिवसाविषयी.

अशी माणसे थोडी नाहीत. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार मद्य घेणारांची संख्या सुमारे १६ कोटी, आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांस मद्यामुळे उद्भवलेल्या प्रश्नांसाठी मदतीची गरज आहे. मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकासच कोणत्या ना कोणत्या प्रकारचा उपचार मिळतो. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेण्याची संधी तर १८० जणांत एकास. क्षयरोग्यांविषयी असे आकडे कोणी प्रसिद्ध केले असते तर विधिमंडळात गदारोळ झाला असता. येथे मात्र कोणाच्या कपाळावर आठीही उमटली नाही. याचे कारण उघड आहे. क्षय हा आपण रोग मानतो. व्यसन हे आपण मनात अजूनही पापच मानतो.

सुशिक्षित घरांत या समजुतीला एक जोड मिळते, ती लपवालपवीची. शेजाऱ्यांस कावीळ झाल्याचे सांगितले जाते, कचेरीत पोटदुखीचा दाखला जातो. आणि मग एखाद्या रविवारी घरच्या मंडळींच्या बैठकीत निर्णय होतो : चार दिवस खोलीत कोंडून ठेवू, म्हणजे सुटेल. हा निर्णय केवळ निर्दय नाही, तो धोक्याचा आहे. वर्षानुवर्षे रोज मद्य घेणाऱ्या माणसाचे मद्य एकाएकी बंद झाले की त्याचे हात थरथरू लागतात, झोप उडते, घाम फुटतो; काहींस फिट्स येतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या दिवशी नसलेली माणसे दिसू लागतात, नसलेले आवाज ऐकू येतात. या अवस्थेत वैद्यकीय देखरेख नसेल तर माणूस दगावू शकतो. योग्य औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व वेळीच मिळाले तर हा टप्पा बहुधा आठवडा-दहा दिवसांत सुरक्षितपणे पार पडतो. मग रुग्ण खाऊ-पिऊ लागतो, चेहऱ्यावर तकाकी येते, आणि घरची मंडळी पेढे वाटण्याच्या तयारीला लागतात.

येथेच सर्वांची फसगत होते. शरीरावरचा अंमल उतरला, इतकेच झालेले असते; उपचारास अजून प्रारंभही झालेला नसतो. ज्या मनाने दहा-पंधरा वर्षे प्रत्येक अपमानावर, प्रत्येक आनंदावर आणि प्रत्येक रिकाम्या संध्याकाळीवर एकच उत्तर शोधले, ते मन तसेच असते. त्यास दुसरी उत्तरे शिकविणे हे पुनर्वसन-उपचाराचे खरे काम होय. आपली ओढ नेमकी केव्हा जागी होते, पगाराच्या दिवशी, भांडणानंतर, की विशिष्ट मित्राचा फोन आला म्हणजे, हे रुग्णास समुपदेशकाबरोबर बसून शोधावे लागते. ही ओढ लाटेसारखी चढते आणि थोडा वेळ तग धरला तर ओसरतेही, हे त्यास अनुभवाने पटवून घ्यावे लागते. समूहात बसून तो स्वतःची कहाणी सांगतो, आणि समोरच्या अनोळखी माणसाच्या तोंडून तीच कहाणी ऐकतो. आपण जगावेगळे अधम नाही हे त्यास बहुधा तेथेच प्रथम उमगते. १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यासक्तांनी, त्यांतला एक डॉक्टर होता, ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चा पाया घातला तो याच अनुभवावर. केवळ आजच्या दिवसापुरते न पिण्याचा त्यांचा निश्चय एखाद्यास भाबडा वाटेल. आयुष्यभराच्या शपथा मोडलेल्या माणसास तो फार व्यवहारी वाटतो.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेले ‘मुक्तांगण’ महाराष्ट्रास अपरिचित नाही. गर्दच्या विळख्याविषयीचे अवचटांचे लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक साह्य पुढे केले आणि हे केंद्र उभे राहिले. तेथील निवासी उपचार ३५ दिवसांचा असतो. व्यसनातून बाहेर आलेले रुग्णच तेथे पुढे कार्यकर्ते होतात, आणि रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा स्वतंत्र गट चालतो. या दोन्ही गोष्टी आम्हांस ३५ या आकड्याइतक्याच महत्त्वाच्या वाटतात. कारण पस्तिसाव्या दिवशी रुग्ण जेथे परततो, तेथे वाट पाहत असलेली पत्नीही थकलेली, भ्यालेली आणि चिडलेली असते. तो बाहेर पडला की ती घड्याळ पाहते. परतला की त्याच्या तोंडाचा वास घेते. तिचे चुकते असे कोण म्हणेल? पण तिलाही कोणी तरी आधार दिला पाहिजे, उपचार केवळ त्याच्या एकट्याचा असून भागत नाही.

गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या मृत्यूनंतर १९१९ साली रंगभूमीवर आले. शतकभर आपण त्या नाटकातून दारूचे भीषण परिणाम पाहिले आणि सिंधूसाठी डोळे पुसले. त्यातला एक भाग मात्र आपल्या सोयीस्कर विस्मरणात गेला आहे. सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो. सोडून तो कामाच्या शोधात जुन्या, प्रतिष्ठित परिचितांकडे जातो, आणि तेथे झिडकारला जातो. पहिल्या प्याल्याचा दोष तळीरामास द्या; या दुसऱ्या प्याल्याचे धनी कोण? प्रेक्षागृहात पुढच्या रांगांत बसलेले आपणच नव्हे काय?

आम्ही शाळेत शिकवीत होतो तेव्हा ‘मद्यपानाचे दुष्परिणाम’ हा निबंध दर वर्षी लिहवून घेत असू. सातवीच्या एका मुलाने एकदा वही कोरी दिली. आम्ही त्यास वर्गाबाहेर उभे केले. त्याचे वडील त्याच आठवड्यात तिसऱ्या खेपेस रुग्णालयातून घरी आले होते, हे वर्ष सरल्यावर कळले. ‘तिसऱ्या खेपेस’ हे शब्द तेव्हा आम्हांसही उपहासानेच सांगण्यात आले होते, आणि आम्ही ते तसेच ऐकून घेतले होते. आज आम्ही त्यांचा अर्थ निराळा लावू. पुन्हा घसरणे ही या आजारात अपवादात्मक गोष्ट नव्हे. रक्तदाबाच्या वा दम्याच्या रुग्णाने पथ्य मोडले आणि दुखणे उलटले, तर आपण त्यास डॉक्टरकडे नेतो. उपचार वाया गेला असे म्हणत नाही. तो गृहस्थ तिसऱ्यांदा रुग्णालयाची पायरी चढला होता, म्हणजे त्याने तिसऱ्यांदा प्रयत्न केला होता.

उपचाराच्या नावाखाली चाललेल्या एका प्रकाराविषयी आम्हांस आमच्याच व्यवसायबंधूंना दोष द्यावा लागेल. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर, लोकलच्या डब्यांत आणि वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींच्या स्तंभांतही झळकत आल्या आहेत. मद्याशी विपरीत प्रतिक्रिया होणारे डायसल्फिराम हे औषध डॉक्टर रुग्णास सर्व कल्पना देऊन, त्याच्या संमतीने देतात. तेच कोणी आमटीत कालवले आणि त्या माणसाने बाहेर मद्य घेतले, तर प्रसंग जिवावर बेतू शकतो. पैशाच्या लोभाने अशा जाहिराती छापणाऱ्यांनी २६ जूनचे संदेश छापू नयेत.

आता सरकारविषयी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या, आणि मानसिक आजारास शारीरिक आजाराच्या धर्तीवर विमा मिळावा असेही सांगितले. तरीही आरोग्यविम्याच्या अनेक करारांत व्यसनाचा उपचार वगळलेला आढळतो. जो आजार कायद्याच्या पुस्तकात आजार ठरतो, तो विमा कंपनीच्या खिडकीशी येताच पुन्हा पाप होतो. दुसरीकडे, जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील करांत वाढ केली तेव्हा वर्षास सुमारे १४ हजार कोटी रुपयांच्या जादा उत्पन्नाची अपेक्षा व्यक्त झाली. कर वाढविण्यास आमची हरकत नाही. महाग मद्य कमी प्यायले जाते हा जगाचा अनुभव आहे. पण ज्या पेल्यातून तिजोरी भरते, त्या पेल्याने मोडलेल्या माणसासाठी तिजोरीतून किती निघते, हे विचारण्याचा हक्क कर भरणाऱ्यांस आहे. मोठमोठी निवासी केंद्रे आम्ही मागत नाही. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आठवड्यातून ठराविक दिवशी एक प्रशिक्षित समुपदेशक, लागणारी औषधे, घरच्या मंडळींसाठी एक बैठक, आणि घरी गेलेल्या रुग्णाची निदान वर्षभर विचारपूस, एवढेच आमचे मागणे आहे.

कचेऱ्या व कारखाने चालविणारांकडेही आमचे एक मागणे आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या कारकुनास महिन्या-दोन महिन्यांनी आपण त्याच्या टेबलाशी परत बसवितो, आणि काही दिवस काम हलके देतो. छत्तिसाव्या दिवशी कामावर रुजू होण्यास जो येईल, त्याचे टेबल जागेवर असावे. त्याचा पगार, त्याची इच्छा असेल तर, काही महिने पत्नीच्या खात्यात जमा व्हावा. आणि संध्याकाळी समूहाच्या बैठकीस जाण्यासाठी त्याने अर्धा तास लवकर सुटी मागितली, तर कारण विचारल्यावाचून ती द्यावी.