दूध तोडणारे हात

नववा महिना भरत आलेली बाई पदराआड दोन वर्षांच्या थोरल्याला पाजते आहे. पोट कडक होतं, सैल पडतं, पुन्हा कडक होतं. याच्या ओढण्यानं तरी कळा सुरू व्हाव्यात, अशी तिची आस. पण दाराशी चाहूल लागली की ती पोराला झटकन दूर सारते. कारण पाचव्या महिन्यातच घरानं हुकूम काढलाय: पोटुशीचं दूध बाधतं, थोरला पोटातल्याचा वाटा खातो, तोडा त्याचं दूध! मग स्तनांना कडुलिंबाचा पाला वाटून लावा आणि रात्रभर टाहो फोडणाऱ्या लेकराला आजीच्या कुशीत कोंबा.

या दुधात विष नसतं. मधल्या महिन्यांत ते कमी होतं, पुढे चिकाचं होतं. ओढण्यानं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवतं, पोट आवळतं, हे खरं. पण सारं ठीक असेल तर दिवस भरेपर्यंत गर्भाशय त्याला फारसं जुमानत नाही. दिवस भरून गर्भाशयाचं तोंड मऊ झालं, तर त्याच ओढण्यानं कळांना हातभार लागू शकतो. रक्तस्राव, जुळं किंवा आधीचं अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. एवढं सांगायला दोन मिनिटं पुरतात. पण दवाखान्यात तिच्या वाट्याला येतात वजनाचा काटा, गोळ्यांची पुडी आणि 'पुढची' ही हाक.

भय उगाच आलेलं नाही. गर्भिणीचं दूध पिणाऱ्या पोराचा पारिगर्भिक नावाचा रोग माधवनिदान या आयुर्वेदाच्या ग्रंथात आहे: खोकला, अरुची, अंग वाळणं, पोट सुटणं. तशाच मोडलेल्या पोरांवर सिसिली विल्यम्स या डॉक्टरीणबाईंनी १९३३ साली आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टमधून लिहिलं. तिथल्या गा लोकांत त्या रोगाचं नाव क्वाशिओरकोर. धाकटं आलं की थोरल्याला होणारा आजार. बाईंनी बोट ठेवलं ते दूध सुटल्यावर पोराच्या तोंडी येणाऱ्या नुसत्या मक्याच्या पेजेवर. आपल्याकडे मक्याऐवजी डाळीचं पाणी आणि चहात बुडवलेलं बिस्किट. दूध तोडायला सारी आळी जमते, अंडं उकडायला कोणी उठत नाही.

आणि पाळणा इतक्या लवकर पुन्हा हलणार, याचा जाब कोणाला? बाळंतपणानंतर पुढचं गर्भारपण किमान दोन वर्षं लांबवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजा, असंही तीच सांगते. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र १९२१ साली उघडलं. शंभर वर्षं उलटली, तरी निरोधचं पाकीट आणायला नवऱ्याला लाज वाटते आणि पाजायला बायकोनं लाजायचं!

डोहाळजेवणाला हिरवी साडी नेसवून ओटी भरणाऱ्यांनो, उद्यापासून तिच्या ताटात रोज एक भाकरी जास्त वाढा, थोरल्याच्या वाटीत घट्ट वरण घाला. आणि तिच्या नवऱ्याला चारचौघांत विचारा: हे दुसरं इतक्या घाईनं कोणाला हवं होतं?