परसातली वानरे आणि पहिले शील

सेनगाव-कळमनुरीकडे वानरांची टोळी परसात उतरली की शेवगा, वाल, भोपळा घटकेत फस्त. पोटाला चिमटा घेऊन लावलेली भाजी ती. माय-माउलीचा संताप आम्ही समजतो. पण म्हणून भाकरीत थिमेट घालायचे? तारेत करंट सोडायचा? तार वानर आणि लेकरू असा भेद करीत नाही. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि पहिले शील तर आपण विहारात नित्य घेतो.

आधी वानरांना पोळी टाकणे बंद करा. मारुतीचे रूप म्हणून शेजारी टाकत असतील, तर त्यांनाही समजवा. खरकटे झाकून ठेवा. वेलावर जुनी मच्छरदाणी गच्च बांधा. कडेने मिरची, हळद लावा. तिला वानर सहसा तोंड लावीत नाही. हळद तर आपल्या वसमतचीच!