कोडांची कसोटी केसपेपरवर

महूच्या दवाखान्यातून इंदूरच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलेल्या रुग्णाच्या कागदावर ‘आरटीए’ एवढेच लिहिलेले असेल, तर आग्रा-मुंबई रस्त्यावरच्या या गावात कुणीही त्याचा अर्थ रस्त्यावरचा अपघात असाच लावील. मूत्रपिंडाच्या विभागात मात्र हीच अक्षरे वेगळ्याच विकाराची आहेत. ‘एमएस’ म्हणजे हृदयाची अरुंद झालेली झडप की मज्जासंस्थेचा आजार? रुग्ण समोर असेपर्यंत डॉक्टरला उलगडा होतो. संगणकाला ती सोय नाही.

हा घोळ टाळण्यासाठीच आजार, लक्षणे, तपासण्यांना ठरावीक संकेतांक देणाऱ्या प्रणाली आल्या. त्यांतल्या ‘स्नोमेड सीटी’ या प्रणालीचा भारत २०१४ मध्ये सदस्य झाला, २०१६ च्या केंद्रीय मानकांत ती आहे आणि देशात ती वापरायला पैसे पडत नाहीत. अडचण आहे ती निवडीची. जागतिक आरोग्य संघटनेचे ‘आयसीडी-१०’ घडले ते आकडेवारीसाठी. सर्पविषाच्या बाधेला त्यात टी६३.० हा एकच संकेतांक. नागाच्या विषाने श्वास थांबतो, घोणसाच्या विषाने रक्त गोठेनासे होते. रकाना मात्र एकच. मोजदादीला तो पुरतो, उपचाराला नाही. स्नोमेडमध्ये साडेतीन लाखांहून अधिक संकल्पना आहेत, सापाची जातही नोंदवता येते. पण बाहेर रांग लागलेली असताना एवढी यादी धुंडाळणार कोण? हाताला येईल तो पर्याय निवडला जातो आणि नेमकेपणा कागदावरच राहतो.

म्हणून या प्रणालींची परीक्षा संकल्पनांच्या संख्येवर होऊ नये. महूसारख्या ठिकाणचे शे-दोनशे जुने केसपेपर नावे झाकून घ्यावेत. दोन जाणकारांनी एकमेकांना न विचारता त्यांना संकेतांक द्यावेत. दोघांचे किती जुळले, किती तक्रारींना जागाच सापडली नाही, एका नोंदीला किती वेळ गेला, हे जाहीर व्हावे.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनने २०२१ पासून चौदा आकडी ‘आभा’ क्रमांकाने नोंदी जोडायला घेतल्या आहेत. संदिग्ध नोंदी जोडल्या, तर चूकच अधिक वेगाने पसरेल. सॉफ्टवेअरच्या निविदा काढण्याआधी सरकारने ही चाचणी घ्यावी आणि तालुक्याच्या रुग्णालयात संकेतांकनाचे प्रशिक्षण घेतलेल्या कर्मचाऱ्याचे पद मंजूर करावे.