परवान्याची बंदूक : पंचेचाळीस दिवस कोणासाठी?

कोकणातील खोताच्या, घाटमाथ्यावरील पाटलाच्या किंवा पूर्व विदर्भातील मालगुजाराच्या वाड्यात एके काळी दुनळी बंदूक असणे हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जात असे. तो काळ मागे पडला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा छंद संपविला, वाड्यांची वाटणी झाली आणि मुलेबाळे नोकरीसाठी शहरांत गेली. उरली ती बंदूक आणि तिच्याबरोबर आलेला परवाना. आज ती ज्यांच्या वाट्याला येते त्यांत शाळामास्तर असतात, बँकेतील कारकून असतात, पतीच्या निधनानंतर एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रिया असतात. यांपैकी बहुतेकांना बंदूक नको असते. ती रीतसर विकून मोकळे व्हावे एवढीच त्यांची अपेक्षा असते. परंतु ही साधी अपेक्षा पुरी करताना सुशिक्षित माणूसही गोंधळून जातो, आणि याचा दोष केवळ त्याच्या अज्ञानाला देता येणार नाही.

वस्तुतः कायदा वाटतो तितका आडमुठा नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमात व्यापाराच्या परवान्याची सक्ती आहे, पण त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात नागरिकाला एक सरळ वाट ठेवलेली आहे. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेले शस्त्र, ते बाळगण्याचा अधिकार असलेल्या दुसऱ्या व्यक्तीस विकण्यासाठी, विक्रेत्याला दुकानदाराचा परवाना लागत नाही. अट एवढीच की, विक्रीचा इरादा आणि घेणाऱ्याचे नाव व पत्ता त्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा नजीकच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवावा, आणि कळविल्यापासून किमान पंचेचाळीस दिवस उलटल्याशिवाय शस्त्र हाती देऊ नये.

येथे शब्दांकडे नीट पाहिले पाहिजे. कायदा ‘कळवावे’ असे म्हणतो, ‘परवानगी मागावी’ असे म्हणत नाही. पंचेचाळीस दिवसांची मुदत ही शासनाने घेणाऱ्याची चौकशी करावी, आक्षेप असल्यास तो नोंदवावा, यासाठी आहे. म्हणजे बंधन दोन्ही बाजूंना आहे. विक्रेत्याने थांबायचे आणि शासनाने त्या अवधीत आपले काम उरकायचे. पण कचेरीच्या टेबलावर गेल्यावर सूचनेचा अर्ज होतो, अर्जाचे प्रकरण होते, आणि प्रकरणाला ‘ना हरकत’ हवी असे कोणीतरी सांगतो. सूचना दिल्याची तारखेसह पोच मिळाली नसेल तर पंचेचाळीस दिवस कोठून मोजायचे, हाही प्रश्नच. पोच न घेता परत येणारा नागरिक आपल्या हक्काचा पहिलाच पुरावा कचेरीत ठेवून येतो.

दुसरी अडचण याहून खोल आहे. मुदत संपली तरी व्यवहार पूर्ण होत नाही. विक्रेत्याच्या परवान्यावरून ती बंदूक कमी झाली पाहिजे आणि घेणाऱ्याच्या परवान्यावर तिचा नळीप्रकार, बोअर आणि क्रमांक चढला पाहिजे. ही नोंद परवाना देणारा अधिकारीच करतो. जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त. या नोंदीला किती दिवस लागावेत हे पाचवे कलम सांगत नाही. शासनाने आक्षेप घेतला नाही, पण नोंदही केली नाही, तर विक्रेता नक्की कोणत्या अवस्थेत आहे? पैसे घ्यावेत की नाहीत? शहाणा माणूस अर्थातच नोंद होईपर्यंत बंदूक हातची सोडत नाही. परवान्यावर ती चढलेली नसताना ज्याच्या ताब्यात ती सापडेल त्याच्यावर, आणि घेणाऱ्याचा अधिकार न तपासता ज्याने ती दिली त्याच्यावरही, कायद्याने फौजदारी जबाबदारी येते. घेणारा ओळखीचा आहे, भावकीतला आहे, हा बचाव चालत नाही.

घेणाऱ्याची पारख विक्रेत्यानेही करावी, अशी अपेक्षा म्हणूनच योग्य आहे. त्याचे वय २१ वर्षे पूर्ण असले पाहिजे. त्याच्या परवान्याची मुदत, त्यावरील राष्ट्रीय नोंदीतील विशिष्ट ओळख क्रमांक, परवान्याचे क्षेत्र आणि मुख्य म्हणजे त्याच्याकडे आधीची किती शस्त्रे आहेत हे पाहावे लागते. १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीन शस्त्रांची मर्यादा घातली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली. काडतुसेही बंदुकीबरोबर आपोआप जात नाहीत, ती घेणाऱ्याच्या परवान्यातील संख्येत बसावी लागतात. आणि जिच्यावर कारखान्याचे नाव अथवा क्रमांक नाही अशी बंदूक विकण्यास आठवे कलम मनाई करते. गावच्या लोहाराने पूर्वी केलेल्या कित्येक ठासणीच्या बंदुकांचा प्रश्न येथेच अडतो.

आणखी एक बाब सह्याद्रीच्या पट्ट्यात फार महत्त्वाची आहे. रानडुकरांनी आणि वानरांनी शेती नकोशी केलेला शेतकरी हा जुन्या बंदुकीचा स्वाभाविक ग्राहक. पण राधानगरी किंवा कोयना यांसारख्या अभयारण्यापासून दहा किलोमीटरांच्या आत नवा शस्त्रपरवाना द्यायचा तर वन्यजीव कायद्याच्या चौतिसाव्या कलमान्वये मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. म्हणजे ज्याला गरज अधिक त्याचा मार्ग अधिक लांबचा. (परवाना मिळाला म्हणजे रानडुकरावर बार टाकण्याची मुभा मिळाली, असा समजही कोणी करून घेऊ नये, ती परवानगी वेगळी.)

सर्वांत बिकट अवस्था होते ती वारसांची. परवानाधारकाच्या निधनाबरोबर बंदूक बाळगण्याचा घरचा अधिकारही संपतो. ती विनाकारण विलंब न करता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावी, असे एकविसावे कलम सांगते. तेच कलम वारसाला ती ठरलेल्या मुदतीत परत मिळविण्याचा, अथवा अधिकार असलेल्या माणसाला विकून पैसे घेण्याचा हक्कही देते. परत हवी असेल तर वारसाला स्वतःचा परवाना काढावा लागतो, आणि दोन शस्त्रांची मर्यादा तेथेही लागू आहे. मुदत टळली तर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने बंदूक सरकारजमा होऊ शकते. शोकाकुल घरात ही मुदत कोणाच्या लक्षात राहणार? ज्याला पोटकलमे ठाऊक नाहीत त्याला दुकानदार हाच एकमेव आधार वाटतो, आणि दुकानदार सांगेल ती किंमत तो निमूटपणे घेतो. खाजगी नागरिकांसाठी परदेशी बंदुकांची आयात गेल्या शतकाच्या नवव्या दशकातच थांबली. तेव्हापासून जुन्या विलायती दुनळीला चांगला भाव येतो, हे त्या वारसाला कोणी सांगत नाही.

शस्त्रांच्या बाबतीत कडकपणा हवाच, या म्हणण्यात तथ्य आहे. लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार करणाऱ्यांना आवरण्यासाठी २०१९ मध्ये दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद करावी लागली, आणि असे बार टाकणारे पुष्कळदा परवानाधारकच असतात. पण कडकपणा आणि दिरंगाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ मध्ये झालेला कायदा एतद्देशीय माणसावरील अविश्वासातून जन्मला होता. गोऱ्यांना त्यातून सूट होती. १९५९ चा कायदा करताना कायदा पाळणाऱ्या नागरिकाचा त्रास कमी करणे हा एक हेतू सांगितला गेला. जो माणूस आपणहून शासनाला कळवितो की, माझ्याकडे अमुक बंदूक आहे आणि ती मी अमक्याला विकत आहे, त्याच्याइतका शासनाला उपयोगी नागरिक दुसरा कोणता? त्यालाच हेलपाटे घालावयास लावले, तर पुढचा माणूस न कळविताच ती माळ्यावर गुंडाळून ठेवील, आणि ती बंदूक कोठे आहे हे कोणत्याच दप्तरात सापडणार नाही.

यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. सूचनेचा छापील नमुना प्रत्येक पोलीस ठाण्यात मराठीत मिळावा, त्याची तारीखवार पोच तेथल्या तेथे द्यावी, आक्षेप असल्यास तो पंचेचाळीस दिवसांत कारणांसह लेखी कळवावा आणि नसल्यास दोन्ही परवान्यांवरील नोंद निश्चित दिवसांत करून द्यावी. मृत्यूनंतर बंदूक जमा करून घेताना दिल्या जाणाऱ्या पावतीवरच वारसाच्या हक्काची शेवटची तारीख ठळकपणे लिहावी.